आमची वाटचाल : खोगीरभरतीचा धंदा

मराठीत 'खोगीरभरती' म्हणजे निरुपयोगी भर. आमच्या कामात मात्र सगळं याच भरतीवर अवलंबून असतं.

सुरुवातीला आम्ही कानपूरहून तयार खोगिरं आणून विकायचो. कानपूरच्या खोगिरांना भौगोलिक मानांकन आहे, शिवण उत्तम असते. खोट मालात नव्हती, आमच्या विकण्यात होती. गिऱ्हाईक साडेसतरा इंची मागायचं, आम्ही काढून द्यायचो. पण पुढच्या खिळ्यापासून मागच्या काठाच्या मध्यापर्यंतचं हे साडेसतरा स्वाराच्या बुडाचं माप आहे. घोड्याच्या मापासाठी नॅरो, मीडियम, वाइड असे शिक्के असतात, आणि एका कारागिराचं मीडियम ते दुसऱ्याचं नॅरो. म्हणून आता पाठ बघितल्याशिवाय खोगीर द्यायचं नाही, असा आमचा शिरस्ता आहे.

अवघड पाठ म्हटलं की पुण्या-मुंबईत बहुतेक वेळा शर्यतीतून निवृत्त झालेला थरोब्रेड, म्हणजे शर्यतीच्या जातीचा घोडा असतो. मानेच्या मुळाशी दोन खांद्यांमधला उंचवटा, ज्याला आमच्यात सगळे विदरच म्हणतात, तो उंच आणि मागे लांबवर पसरलेला. त्याच्या दोन्ही बाजूंना, खांद्याच्या फऱ्यामागे, स्नायू आटून खळगे पडलेले. शर्यतीचं खोगीर एक किलोच्याही आत असतं आणि जॉकी रिकिबीवर उभा राहून पळवतो. रायडिंग स्कूलमध्ये त्याच पाठीवर सात-आठ किलोचं खोगीर आणि वर बसून राहणारा माणूस येतो.

माप घेताना घोडा सपाट जमिनीवर, चारही पाय सारखे टेकून उभा हवा. ड्रॉइंगच्या दुकानात मिळणारी वाकणारी पट्टी फऱ्यामागे दोन बोटं सोडून पाठीवर दाबायची, न हलवता उचलायची आणि कागदावर रेघ मारायची. दुसरी रेघ पाठीच्या सर्वांत खोल जागी, तिसरी शेवटच्या बरगडीपाशी. घोड्याला बरगड्यांच्या १८ जोड्या असतात. अठराव्या बरगडीच्या मागे खोगिराचा भार जाता कामा नये. तारीख आणि डावं-उजवं त्याच कागदावर लिहायचं. दोन्ही खांदे सारखे क्वचितच निघतात. मोठा खांदा खोगिराला दुसऱ्या बाजूला ढकलतो आणि दोष स्वाराच्या बसण्याला दिला जातो.

फसगत होते ती अरुंद ट्रीमुळे. ट्री म्हणजे खोगिराच्या आतला सांगाडा. तो अरुंद असला की पुढची कमान वर उचलली जाते, विदरवर भरपूर जागा दिसते आणि बघणारा म्हणतो, छान बसलं. प्रत्यक्षात ट्रीची दोन टोकं खांद्यामागे रुतलेली असतात, स्वार मागे कलतो आणि कमरेवर भार येतो. ट्रीची टोकं खांद्याच्या उताराला समांतर हवीत, आणि स्वार बसल्यावरही कमानीखाली दोन-तीन बोटं सरकली पाहिजेत. खोगिराखालची मधली नाळ, म्हणजे दोन गाद्यांमधली पोकळ पन्हळ, पुढून मागपर्यंत तीन-चार बोटं रुंद हवी, नाहीतर मणक्याला लागते.

मग वाइड ट्री घातली की कमान विदरवर टेकते. तेव्हा घरचा उपाय म्हणजे नमद्यावर, म्हणजे खोगिराखालच्या जाड घडीवर, आणखी नमदा. त्याने पुढचा खळगा भरत नाही, सगळंच खोगीर वर जाऊन डुलायला लागतं. आम्ही खांद्याला थोडी सैल अशी, कमान मागे कापलेली ट्री निवडतो. खोगिराच्या खालच्या, लोकर भरलेल्या गाद्यांना पुढे जादा कातडं लावून त्या खळग्यापर्यंत उतरवतो. उरलेली पोकळी खिसे असलेल्या नमद्यात ५ ते १० मिलिमीटर जाडीचे फेल्टचे तुकडे घालून भरतो. स्नायू भरत आले की तुकडे काढायचे. खळगा भरतीनेच ठासून भरला, तर स्नायूला वाढायला जागाच राहत नाही. पाठ दुखरी असेल तर आम्ही खोगीर विकत नाही. आधी पशुवैद्य, मग माप.

भरतीला लांब धाग्याची पिंजलेली लोकर लागते. जुनी भरती गादीच्या चिरेतून आकड्याने काढताना हाताला सुपारीएवढे गोळे लागतात. घोड्याला रोज टोचत असतं ते हेच. नवी लोकर चिमूट-चिमूट, खाचेच्या लांब सळईने टोकापासून मागे भरत यायची आणि दर थराला बाहेरून थोपटायची. जास्त ठासली तर गादी लाकूड होते. पोट फुगवून भरली तर खोगीर मध्यावर डुलतं, मध्ये कमी पडली तर पुढेमागे टेकून पुलासारखं अधांतरी राहतं.

पडताळा वीस-तीस मिनिटांच्या स्वारीनंतर. घामाने भिजलेल्या पाठीवर कोरडा ठिपका राहिला, तर तिथे एकतर फार दाब आहे किंवा गादी टेकतच नाही. हात घालून ठरवायचं. मुंबईच्या दमटपणात घोडा सगळाच ओला होतो, म्हणून खाली धुतलेलं पांढरं फडकं घालून त्यावरचे मळाचे डाग बघतो. खोगिराच्या जागी पांढरे केस उगवले असतील तर ती जुन्या दाबाची खूण.

गोल पाठीच्या, विदर जेमतेम असलेल्या तट्टांचं दुखणं उलटं. खोगीर बाजूला फिरतं, म्हणून तंग, म्हणजे पोटाखालून आवळायचा पट्टा, आवळला जातो, तरी फिरतंच. माथेरानसारख्या उतारावर ते पुढेही सरकतं. तिथे दुमची, म्हणजे खोगिरापासून शेपटीखालून जाणारा पट्टा, लागतेच. तंग कोपरामागे चार बोटांवर न बसता पुढे ओढला जात असेल, तर तो खोगिराच्या सर्वांत पुढच्या पट्ट्याला लावून बघावा.

जुनं खोगीर घेणाऱ्यांसाठी एवढंच: कमान पोटाशी टेकवून मागचा काठ स्वतःकडे ओढा. थोडं लवचिक लागलं तर ठीक. करकरलं, खचलं किंवा सुरकुत्या पडल्या तर ट्री तुटली आहे, फुकट मिळालं तरी नको. रोज जमिनीवरून डाव्या रिकिबीत पाय टाकून चढल्यानेही ट्री पिळते, म्हणून स्टूल वापरा.

नवी भरती दोन-तीन महिन्यांत दबते. तेव्हा एक भेट आम्ही विक्रीतच धरतो, पुढे दर सहा महिन्यांनी. पावसाळ्यानंतरची भेट टाळू नये. ओल धरलेली लोकर आतल्या आत गोळा होते. येताना पहिले कागद घेऊन येतो आणि नव्या रेघा त्यांच्यावर ठेवून बघतो. निवृत्त थरोब्रेडच्या रेघा सहसा जुळत नाहीत. मग फेल्टचे तुकडे काढायचे आणि गादी पुन्हा उघडायची.