ऑस्टिओपॅथकडून आले आणि अंग ठणकायला लागलं

लंडनला आल्यापासून कंबर धरलेलीच, शेवटी ऑस्टिओपॅथ गाठली, म्हणजे हातांनी दाबून-ताणून सांधे आणि स्नायू मोकळे करणारी. इथे त्यांना रजिस्टर्ड असावंच लागतं, 1993 चा कायदाच आहे तसा. कुशीवर झोपवून वरचा पाय वाकवला आणि कट्टकन आवाज काढला, तेव्हा एकदम मोकळं वाटलं पण रात्री कूस बदलताना आई आठवली! सकाळी मोजे घालायला वाकवेना. बाईंनी आधीच सांगितलेलं म्हणा, एक-दोन दिवस दुखेल, आखडलेले स्नायू ताणले की होतं तसं. मग शेक घेतला, घरातल्या घरात फिरत राहिले, नुसतं पडून राहिलं की अजूनच आखडतं. पण पाय बधिर झाले किंवा लघवीवर कंट्रोल गेला तर शेकत बसायचं नाही हं, सरळ इमर्जन्सीत जायचं. नवरा म्हणतो, पैसे देऊन मार खाऊन आलीस.