कर्ज दाखवा, साहेब

नोकरी सोडून जगभर फिरायला निघालेल्या भारतीय माणसाला पहिला कागद लागतो तो नोकरी असल्याचा. युरोपातल्या बहुतेक देशांना मिळून चालणाऱ्या शेंगेन व्हिसाच्या कागदांची यादी काढून पाहा. पगाराच्या स्लिपा, आयकराचं विवरणपत्र, बँकेचं स्टेटमेंट, किमान 30,000 युरोंचा प्रवास विमा आणि कंपनीच्या लेटरहेडवर ‘यांची रजा मंजूर आहे, अमुक तारखेला हे कामावर रुजू होतील’ असं पत्र. मी तर रुजू न होण्यासाठीच निघालो होतो.

पेपर मी आधीच टाकले होते. आमच्या पोर्टलवर राजीनाम्याचं कारण यादीतून निवडावं लागतं. उच्च शिक्षण, विवाह, प्रकृती, अधिक चांगली संधी. पृथ्वी बघून येतो, असा पर्याय कुठेच नव्हता, म्हणून ‘इतर’ निवडलं. मग 90 दिवसांचा नोटीस पीरियड सुरू झाला. त्या काळात माणूस ऑफिसात असतो आणि नसतोही. चहाला खाली गेलं की प्रत्येक जण हळूच विचारायचा, ‘खरं सांग, कुठे मिळालंय?’ फिरायला चाललोय म्हटलं की पगाराचा आकडा लपवतोय असंच सगळ्यांना वाटायचं. सोसायटीतल्या काकांनी वेगळंच विचारलं, ‘केसरी का वीणा?’ एकटाच जातोय म्हटल्यावर त्यांचा चेहरा पडला. ‘मग जेवणाचं काय?’

तिकिटाचं गणित मात्र मला मनापासून आवडलं. विमान कंपन्यांच्या वनवर्ल्ड आणि स्टार अलायन्स या युत्या पृथ्वीप्रदक्षिणेचं एकच तिकीट विकतात. मुदत वर्षाची, टप्पे जास्तीत जास्त 16, आणि ज्या देशातून निघालात तिथेच परत यायचं. दिशा एकच, पूर्व किंवा पश्चिम, मधेच उलटं फिरायचं नाही. नर्मदा परिक्रमेला निघालेली माणसं आपल्याकडे घरोघरी भेटतात, त्यांना हे लगेच कळेल. फरक इतकाच की परिक्रमेत नर्मदेचं पात्र ओलांडायचं नसतं आणि इथे अटलांटिक आणि प्रशांत हे दोन्ही महासागर ओलांडावेच लागतात, तेही प्रत्येकी एकदाच.

नकाशा पसरून मी पूर्वेकडून सुरुवात केली होती. मार्चअखेर जपानात साकुरा, म्हणजे चेरीचा बहर, मग पॅसिफिक ओलांडून अमेरिका, शेवटी युरोप. कागदावर फार देखणं दिसत होतं. पण जपानचा एका प्रवेशाचा व्हिसा हातात पडल्यापासून 3 महिन्यांत वापरावा लागतो आणि शेंगेनचा अर्ज प्रवासाच्या 6 महिन्यांपेक्षा आधी करता येत नाही. वाटेत एखाद्या तिसऱ्याच देशातून अर्ज करावा म्हटलं, तर पर्यटकाचा अर्ज बहुतेक ठिकाणी घेत नाहीत. राहत्या देशातूनच या म्हणतात. म्हणजे पूर्वेचा जपान आणि पश्चिमेचा युरोप, दोघांनाही प्रवासाच्या सुरुवातीलाच जागा हवी. माझ्याकडे सुरुवात एकच. जपान गेला.

मग दिशाच फिरवली. मे महिन्यात युरोप, तिथे कुठल्याही 180 दिवसांत 90 दिवसच राहता येतं, ते मला पुरे. पुढे अमेरिका. मागे कामानिमित्त गेलो होतो तेव्हाचा 10 वर्षांचा व्हिसा पासपोर्टात अजून जिवंत आहे. गंमत म्हणजे त्याच शिक्क्यावर मेक्सिकोत जाता येतं आणि पेरूतही. त्या नोकरीनं दिलेली सगळ्यात टिकाऊ गोष्ट हीच असावी. पेरूत पाऊस जोरात सुरू व्हायच्या आत पोचायचं, कारण फेब्रुवारीत तर माचू पिच्चूकडे जाणारी इंका पायवाट दुरुस्तीसाठी बंदच असते. तिथून दक्षिण अमेरिकेच्या टोकाला पॅटागोनियाचा उन्हाळा, मग सिडनी. ऑस्ट्रेलियाचा अर्ज घरबसल्या ऑनलाइन होतो, पासपोर्ट कुठे पाठवावा लागत नाही.

राहिला तो नोकरीचा कागद. कॅम्पातल्या व्हिसा एजंटाला मी सगळं खरं सांगितलं. त्यानं माझी फाइल चाळली. मुदत ठेवी पाहिल्या, पीएफचं पासबुक पाहिलं, परतीचं तिकीट पाहिलं, कशानंच त्याचं समाधान होईना. शेवटी म्हणाला, ‘साहेब, गृहकर्ज आहे का?’

आहे म्हटलं, अजून बरीच वर्षं आहे.

‘मग ते लपवता कशाला? कर्ज दाखवा, साहेब. कर्ज छान दिसतं.’

मी बँकेचं पत्र जोडलं, राजीनाम्याबद्दलही सरळ लिहून टाकलं आणि व्हिसा मिळाला. तो कशामुळे मिळाला हे वकिलात कधी सांगत नाही, पण एजंटाचा कौल हप्त्यांच्या बाजूने आहे आणि माझाही. त्या फ्लॅटच्या हप्त्यापायी मी कितीतरी वेळा टाइप केलेला राजीनामा पुसलाय. आता तोच फ्लॅट मला जामीन राहिला. परत येईल अशी खात्री असलेल्यालाच जग दार उघडतं, आणि खात्री पटते ती गळ्यातलं दावं पाहून. मला यात आधी अपमान वाटला. नंतर वाटलं, मुलगी देताना आपले आजोबा तरी वेगळं काय बघत होते?

फ्लॅट भाड्यानं दिलाय. करार रिवाजाप्रमाणे 11 महिन्यांचा. त्यामुळे तिकिटाची मुदत वर्षाची असली तरी माझी पृथ्वी 11 महिन्यांत संपते.

हे आजकालचं खूळ आहे असं कुणी म्हटलं की मला मुंबईचे ते पारशी आठवतात. 1923 साली सहा तरुण सायकली घेऊन मुंबईहून निघाले. त्यातले तिघे, आदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तम भूमगरा, 1928 साली जगाला वळसा घालून परत आले. सुमारे 71 हजार किलोमीटर. भाडेकराराची चार नूतनीकरणं झाली असती तेवढ्यात.

आईला यातली एकच गोष्ट सतावते आहे. पश्चिमेकडे जात जगाची फेरी मारली की एक दिवस गळतो. 1522 साली मॅगेलनच्या ताफ्यातलं ‘व्हिक्टोरिया’ हे जहाज परतीच्या वाटेवर केप व्हर्द बेटांना लागलं तेव्हा जहाजावरच्या रोजनिशीत बुधवार होता आणि किनाऱ्यावर गुरुवार. रोज इमानेइतबारे नोंद ठेवणारी माणसं चक्रावून गेली होती. चिलीतल्या सँटियागोहून सिडनीला जाताना मीही आंतरराष्ट्रीय वाररेषा ओलांडणार आणि कॅलेंडरमधली एक तारीख मला मिळणारच नाही. इतकी वर्षं सीएल-पीएलचा हिशेब अर्ध्या दिवसापर्यंत ठेवला. आता अख्खा दिवस विनाअर्ज जाणार आणि कुणी पगार कापणार नाही, याचा मला आनंद होतोय. आईचा प्रश्न वेगळा आहे. नेमकी त्याच दिवशी संकष्टी आली तर उपास धरायचा का, आणि सोडायचा तर चंद्रोदय कुठला मानायचा? कालनिर्णयात शहराशहरांच्या चंद्रोदयाच्या वेळा दिलेल्या असतात, त्यात प्रशांत महासागर नाही. तिनं गुरुजींना फोन केला होता. ते म्हणाले, बघून सांगतो.