अर्जाआधी मनगटापर्यंतचे माप

आमच्या सासूबाईंना, म्हणजे आईंना, पहिली काठी मिळाली ती शेजारच्या आजोबांची. आजोबा गेल्यानंतर त्यांच्या मुलाने "तुमच्याकडे उपयोगी पडेल" असे म्हणून ती आणून दिली आणि आम्हीही कृतज्ञतेने ठेवून घेतली. आजोबा चांगले उंच होते, आई जेमतेम पावणेपाच फूट. ती काठी टेकताना त्यांचा खांदा वर चढलेला असे, हे मला रोज दिसत होते. पण त्याचा अर्थ कळायला दोन महिने गेले. तोवर गुडघ्याच्या जोडीला खांदाही दुखू लागला होता आणि आईंनी काठी दाराआड उभी करून पुन्हा भिंतीला धरून चालायला सुरुवात केली होती.

त्यानंतर आईंसाठी आणि मग गल्लीतल्या आणखी चार-पाच ज्येष्ठांसाठी सरकारी साहाय्याचे अर्ज भरताना जे समजले, ते लिहून ठेवत आहे. योजना आहेत, पैसेही आहेत. परंतु योग्य वस्तू योग्य माणसाच्या हाती पोहोचायची असेल तर अर्जाच्या आधीचे आणि नंतरचे काम घरच्या माणसालाच करावे लागते, असे माझे अनुभवांती झालेले मत आहे.

पहिली योजना केंद्र सरकारची, राष्ट्रीय वयोश्री योजना. १ एप्रिल २०१७ रोजी आंध्र प्रदेशातील नेल्लोर येथे तिचा प्रारंभ झाला. वयाची ६० वर्षे पूर्ण झालेल्या, दारिद्र्यरेषेखालील किंवा दरमहा १५,००० रुपयांपेक्षा जास्त उत्पन्न नसलेल्या ज्येष्ठांना तिच्यात काठी, कुबड्या, वॉकर, तीन किंवा चार पायांची काठी, व्हीलचेअर, श्रवणयंत्र, चष्मा, कवळी अशी साधने मोफत मिळतात. पुढे या यादीत कमोडची खुर्ची, गुडघ्याचा, कमरेचा आणि मानेचा पट्टा यांचीही भर पडली. साधने पुरवण्याचे काम कानपूरच्या अलिम्को या सरकारी कंपनीकडे आहे. योजनेचा खर्च ज्येष्ठ नागरिक कल्याण निधीतून होतो, आणि त्या निधीत अल्पबचत, भविष्य निर्वाह निधी अशा खात्यांत वर्षानुवर्षे कोणीही मागायला न आलेल्या रकमा वळवल्या जातात. हे वाचले तेव्हा मी क्षणभर थांबले. कोणीतरी पोटाला चिमटा काढून साठवलेले आणि नंतर विसरले गेलेले पैसे कोणा अनोळखी वृद्धेच्या हातातली काठी होऊन येतात, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते.

ही मदत शिबिरातून मिळते. आधी तपासणीचे शिबिर होते, तेथे कोणाला काय हवे ते ठरवून नोंद केली जाते, आणि वस्तू नंतरच्या वाटप शिबिरात हाती येते. त्यामुळे खरा महत्त्वाचा दिवस तपासणीचा असतो. त्या दिवशी घरचे कोणी सोबत नसेल तर आपली माणसे संकोचाने "एक काठी द्या, पुरे" एवढेच सांगून परत येतात. रात्री संडासला उठताना तोल जातो, खाली बसले की उठता येत नाही, या गोष्टी परक्यासमोर सांगणे त्यांना अवघड वाटते. त्या आपण सांगायच्या.

दुसरी योजना राज्याची, मुख्यमंत्री वयोश्री योजना. फेब्रुवारी २०२४ च्या शासन निर्णयाने ती सुरू झाली. वयाची अट ६५ वर्षांची आणि कुटुंबाच्या वार्षिक उत्पन्नाची मर्यादा २ लाख रुपयांची. हिच्यात वस्तू न मिळता एकरकमी ३,००० रुपये थेट आधारशी जोडलेल्या बँक खात्यात जमा होतात आणि त्यातून आपण साधन विकत घ्यायचे असते. अर्ज जिल्ह्याच्या सहायक आयुक्त, समाज कल्याण यांच्या कार्यालयाकडे जातो. सोबत आधार कार्ड किंवा मतदार ओळखपत्र, पासबुकाची झेरॉक्स, दोन फोटो आणि स्वयंघोषणापत्र लागते. तेच साधन गेल्या ३ वर्षांत कोणत्याही सरकारी योजनेतून मोफत घेतलेले नसावे, अशीही अट आहे.

या अटीमुळेच कोणती वस्तू कोठून घ्यायची हे आधी ठरवणे आवश्यक ठरते. चांगली व्हीलचेअर ३,००० रुपयांत येत नाही, म्हणून तिची गरज असेल तर शिबिराची वाट पाहणे श्रेयस्कर. काठी, घडीचा वॉकर किंवा कमोडची खुर्ची यांपैकी काही हवे असेल तर राज्याच्या रकमेतून भागू शकते आणि आपल्या मापाचे, हातात धरून पाहिलेले साधन घेता येते.

तिसरा मार्ग बहुतेक घरांत कोणाच्या ध्यानातच येत नाही. अर्धांगवायूने एक बाजू लुळी पडलेली व्यक्ती किंवा खुब्याचे हाड मोडल्यानंतर कायमची अधू झालेली व्यक्ती ही घरच्यांच्या दृष्टीने केवळ "वय झालेली" असते. तिला दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र मिळू शकते, हा विचारच होत नाही. तपासणीत ४० टक्के किंवा त्याहून अधिक दिव्यांगत्व ठरले, तर दिव्यांगांना साहाय्यक साधने देणाऱ्या केंद्राच्या एडिप योजनेचे दार उघडते. तेथे २०२२ नंतरच्या नियमांप्रमाणे दरमहा २२,५०० रुपयांपर्यंत उत्पन्न असल्यास साधनाचा पूर्ण खर्च आणि त्यापुढे ३०,००० रुपयांपर्यंत निम्मा खर्च मिळतो. म्हणजे वयोश्रीच्या उत्पन्नमर्यादेत न बसणाऱ्या, बेताची पेन्शन असलेल्या घरांनाही हा मार्ग खुला आहे. गल्लीतल्या एका काकांना पक्षाघात होऊन सहा वर्षे झाली होती आणि या सहा वर्षांत त्यांच्यासाठी प्रमाणपत्राचा अर्ज करावा असे कोणीही सुचवले नव्हते. याचे मला मनापासून वाईट वाटते, कारण एवढे सांगायला कोणाचाही पैसा लागत नव्हता.

आता अडचणींविषयी. आईंचा अर्ज मंजूर झाल्याचे समजले, पण पासबुकात रक्कम दिसेना. दोनदा बँकेत गेलो. दोन्ही वेळा "आमच्याकडे काही आलेले नाही" एवढेच उत्तर मिळाले. शेवटी खिडकीवरच्या एका मुलीने आस्थेने पाहिले तेव्हा उलगडा झाला. थेट लाभाची रक्कम अर्जात लिहिलेल्या खात्यात जातेच असे नाही. ज्या बँकेत आधार सर्वांत शेवटी जोडले गेले असेल तिकडे ती जाते. आईंनी पूर्वी कधी तरी दुसऱ्या एका बँकेत खाते उघडले होते आणि सगळ्यांनाच त्याचा विसर पडला होता. पैसे तेथे सुखरूप होते. अर्ज देण्यापूर्वीच आधार कोणत्या बँकेशी जोडलेले आहे याची खात्री करून घेतली असती, तर पाय दुखणाऱ्या बाईचे ते चार हेलपाटे वाचले असते.

बोटांच्या ठशांचेही तसेच. आयुष्यभर भांडी घासलेल्या, शेतात राबलेल्या हातांच्या रेषा झिजून गेलेल्या असतात आणि यंत्रावर ठसा उमटत नाही. आई अंगठा पुन्हा पुन्हा पदराला पुसून यंत्रावर ठेवत होत्या, जणू चूक त्यांचीच आहे. अशा वेळी डोळ्यांच्या बुबुळांवरून किंवा मोबाइलवर येणाऱ्या ओटीपीवरून ओळख पटवता येते. त्यासाठी आधारला चालू मोबाइल क्रमांक जोडलेला हवा. तो क्रमांक नोकरीसाठी परगावी गेलेल्या मुलाचा असेल, तर त्याला आधी फोन करून ठेवावा.

खरेदीनंतर पक्के बिल घ्यायला विसरू नये. ते लाभार्थ्याच्या नावाचे असावे आणि रक्कम जमा झाल्यापासून ३० दिवसांच्या आत समाज कल्याण कार्यालयात पोहोचावे.

साधनाच्या मापाची गोष्ट मात्र सविस्तर सांगते, कारण ती कोणत्याही अर्जात विचारली जात नाही. ज्येष्ठ व्यक्तीला रोजच्या वापरातल्या चपला घालून सरळ उभे करावे, दोन्ही हात सैल सोडायला सांगावेत आणि जमिनीपासून मनगटाच्या घडीपर्यंतचे अंतर मोजावे. काठीची किंवा वॉकरची मूठ बरोबर त्या उंचीवर यायला हवी. मूठ धरल्यावर कोपर किंचित वाकलेले राहते आणि खांदा वर चढत नाही. काठी दुखऱ्या पायाच्या विरुद्ध हातात धरायची असते. आई सुरुवातीला दुखऱ्या बाजूलाच धरत असत आणि मलाही तेच स्वाभाविक वाटत होते. अॅल्युमिनियमच्या काठीला खाली छिद्रांची रांग आणि एक दाबायचे बटण असते. ते पूर्ण बाहेर येऊन छिद्रात बसल्याचा खट् असा आवाज ऐकल्याशिवाय काठीवर भार देऊ नये.

घराचेही माप घ्यावे. आमच्या न्हाणीघराचे दार २४ इंचांचे आहे आणि त्याला उंबरा आहे, म्हणून व्हीलचेअर मोफत मिळाली असती तरी ती त्या दारातून आत गेली नसती. आम्ही त्यासाठी अर्ज केला नाही. राज्याच्या रकमेतून कमोडची खुर्ची आणि मापाची काठी घेतली आणि वर थोडे पैसे घरचे घातले.

आईंचा मुख्य आक्षेप वेगळाच होता. "हातात काठी आली की माणसं म्हातारं समजून बोलायचं सोडतात," असे त्या म्हणाल्या होत्या. त्याला उत्तर म्हणून मी काही बोलले नाही. काठी आणल्यावर त्यांना घेऊन फक्त गल्लीच्या टोकापर्यंत गेले, तर वाटेत तिघी बायकांनी थांबवून ती कोठून आणली, पैसे कोणी दिले, अर्ज कोणाकडे करायचा हे विचारले आणि आईंनीच त्यांना सगळे सांगितले. ज्यांच्याकडे विचारायला कोणी नसेल त्यांच्यासाठी १४५६७ ही ज्येष्ठ नागरिकांची मोफत हेल्पलाइन आहे.

काठीच्या टोकाचे रबर महिन्यातून एकदा उलटे करून पाहते. त्यावरच्या खाचा झिजून ते गुळगुळीत झाले की ओल्या फरशीवर काठी सटकते, म्हणून एक जास्तीचे रबर आणून कपाटात ठेवले आहे.

काल समोरच्या मावशींचा अर्ज भरायला घेतला. आधी त्यांना चपला घालायला लावल्या, भिंतीपाशी उभे केले आणि पेन घेऊन कागदाच्या कोपऱ्यात पहिला आकडा लिहिला: ७५ सेंटिमीटर.