बासची वही: ‘डिस्को लेडी’ मूळ लयीत

अमेरिकन गायक जॉनी टेलरचं ‘डिस्को लेडी’ आता माझ्या बास गिटारवर मूळ लयीत, रेकॉर्डिंगसोबत, सुरुवातीपासून शेवटापर्यंत वाजतंय. स्वर कुठले ते लवकर कळलं होतं. सगळी मेहनत गेली ती प्रत्येक स्वर थांबवायचा कुठे, यात.

नावामुळे हे गाणं टाळलेले बरेच जण असतील, म्हणून थोडी पार्श्वभूमी. 1976 सालचं हे गाणं. टेलर तेव्हा चाळिशी ओलांडलेला, मुरलेला गवई. सॅम कुकनंतर ‘सोल स्टिरर्स’ या गॉस्पेल (ख्रिस्ती भक्तिगीतं गाणाऱ्या) मंडळीत त्याची जागा यानेच घेतली होती, आणि 1968 मध्ये स्टॅक्स या रेकॉर्ड कंपनीकडून ‘हूज मेकिंग लव्ह’ गाजलं होतं. पुढे स्टॅक्स बुडाली आणि तो कोलंबियाकडे गेला. निर्माता मात्र तोच, डेट्रॉइटचा डॉन डेव्हिस. त्याने पार्लमेंट-फंकाडेलिक या फंक बँडचे वादक बोलावले: बासवर बूटसी कॉलिन्स, कीबोर्डवर बर्नी वॉरेल, गिटारवर ग्लेन गॉइन्स. बिलबोर्ड या अमेरिकी संगीत नियतकालिकाच्या मुख्य यादीत गाणं चार आठवडे पहिल्या क्रमांकावर राहिलं. सिंगल्ससाठी, म्हणजे एकट्या गाण्याच्या रेकॉर्डसाठी, प्लॅटिनम हा विक्रीचा मान त्याच वर्षी सुरू झाला होता, त्या काळी वीस लाख प्रतींचा. तो मिळवणारं हे पहिलंच गाणं.

आता बासकडे. बूटसी म्हटलं की चांदण्यांचा चष्मा आणि इफेक्ट लावलेला गुरगुरता आवाज डोळ्यांपुढे येतो. इथे त्यातलं जवळजवळ काही नाही. 1970 मध्ये गायक जेम्स ब्राउनच्या बँडमध्ये पहिल्या मात्रेवर भार टाकायचं जे वळण त्याला लागलं, ते तेवढं इथे आहे. समेवर पाय रोवायचा आणि मग गायकासाठी वाट मोकळी करायची. टेलर ओळ संपवून श्वास घेतो तिथेच बास जरा डोकं वर काढतो. यूट्यूबवर या गाण्यावर स्लॅपचा (अंगठा तारेवर आपटून वाजवण्याचा) पाऊस पाडणारे पुष्कळ आहेत. मला ते ऐकवत नाही.

सरावात सर्वांत उपयोगी पडलं ते मेट्रोनोम (ठेका देणारं यंत्र) फक्त दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर ठेवणं. पहिली मात्रा आपणच धरायची, त्यामुळे लबाडी चालत नाही. ब्रिजजवळ (तारा अडकवतात त्या पट्टीजवळ) तारांखाली स्पंज घालूनही पाहिला. आवाज छान जुना येतो, पण सगळेच स्वर सारखेच आखूड होतात. इथे एक लांब, एक तोडलेला असं हवंय, म्हणून स्पंज काढला. आता डाव्या हाताचं बोट तारेवरच ठेवून दाब तेवढा सोडतो. टोनचा नॉब निम्म्याच्या खाली, पिकअपच्या (तारांचा आवाज टिपणाऱ्या चुंबकाच्या) अगदी वर बोटं नाहीत, आणि अँपवर खर्ज वाढवायचा मोह आवरलेला.

अजून शेवटाकडे लय किंचित पुढे सरकते. रेकॉर्डिंग बंद करून नुसत्या ड्रमवर वाजवलं की लगेच कळतं. गाणं इतकं आरामात चालतं की हात आपोआप घाई करतात.

पुढच्या खेपेला ओळखीतला कीबोर्डवाला वॉरेलचा भाग बसवून येणार आहे. त्याला आधीच बजावलंय: दोघांनी मिळून जागा भरायच्या नाहीत. दरम्यान फ्लॅटवूंड (गुळगुळीत वेढ्यांच्या) तारा लावायचा विचार चाललाय. कुणी या गाण्यावर वापरल्या असतील तर तोडलेले स्वर कसे ऐकू येतात ते सांगा.