दार-ए-सलाम ते मोरोगोरो, स्वतःची गाडी न काढता

टांझानियातल्या दार-ए-सलामच्या उपांगा भागात आपली भारतीय मंडळी बरीच आहेत. तिथे नव्याने राहायला येणाऱ्याला पहिला सल्ला मिळतो तो गाडी आणि ड्रायव्हर ठेवण्याचा. ऑफिसपुरतं ते ठीक. पण या शहरात काही वर्षं काढायची असतील तर डालाडालात, म्हणजे इथल्या छोट्या बसमध्ये, चढता-उतरता आलंच पाहिजे, असं माझं ठाम मत आहे. म्हणून आम्ही दोघं शनिवार-रविवार मोरोगोरोला गेलो ते सगळं सार्वजनिक वाहनांनीच.

घरापासून रेल्वे स्टेशनपर्यंत बजाजी केली. ही आपलीच तीनचाकी रिक्षा. तिला मीटर नसतो, त्यामुळे बसायच्या आधी भाडं ठरवा किंवा फोनवरच्या ॲपवरून बोलवा. सुटे पैसे हवेतच. बोडाबोडा, म्हणजे मोटारसायकल, त्याहून स्वस्त आणि वेगवान असते; पण हेल्मेट मिळत नसेल तर बसू नका. अंधार पडल्यावर आम्ही ती घेतच नाही.

नवी विजेची रेल्वे २०२४ च्या जूनमध्ये मोरोगोरोपर्यंत सुरू झाली आणि त्याच वर्षी राजधानी दोदोमापर्यंत पोहोचली. तिचा वेग ताशी १६० किलोमीटरपर्यंत जातो, त्यामुळे पावणेदोन तासांच्या आसपास आपण उलुगुरू डोंगरांच्या पायथ्याशी असतो. पासपोर्ट बरोबर ठेवा आणि सामान तपासणीसाठी वेळ हातात ठेवून निघा. मोरोगोरोचं स्टेशन गावाबाहेर आहे. फाटकाशी टॅक्सीवाल्यांचा गराडा पडतो, तो ओलांडून दोन पावलं पुढे गेलं की गावात जाणाऱ्या डालाडाला मिळतात.

आता डालाडालाबद्दल जरा सविस्तर. या छोट्या बसच्या कपाळावर दोन टोकांची नावं असतात, उदाहरणार्थ म्वेंगे–पोस्टा. रस्त्यांची नावं फारसं कुणी सांगत नाही, पत्ता सांगतात तो थांब्यावरून. म्हणून आधी आपल्या घराजवळचा थांबा पाठ करा, मग कारियाको, पोस्टा, उबुंगो, मकुंबुशो, म्बागाला. एवढी नावं आली की अर्धं शहर हाताशी आलं. बस भरल्याशिवाय सुटत नाही, त्यामुळे घाईत असाल तर टोकाच्या थांब्यावर रिकाम्या बसमध्ये जाऊन बसू नका. कोंडा, म्हणजे कंडक्टर, हातातली नाणी खुळखुळवत आला की पैसे द्यायचे. उतरताना मोठ्यांदा ‘शुशा!’ म्हणायचं. आणि काहीही विचारण्याआधी नमस्कार-चमत्कार झालाच पाहिजे: बरोबरीच्या माणसाला ‘हबारी’, वयाने मोठ्या माणसाला ‘शिकामो’. आम्हाला शेजारच्या आजींनी योग्य थांबा आला की खांद्यावर थाप मारून उतरवलं, ते ‘शिकामो’ या एका शब्दामुळेच, असं मला मनापासून वाटतं.

परतीला मुद्दाम बस घेतली, कारण रेल्वेतून मधली गावं कळत नाहीत. बस म्सांवू स्टँडवरून सुटतात. इथे घड्याळाकडे नीट लक्ष द्या. स्वाहिली दिवस सकाळी उजाडल्यावर सुरू होतो. आपले सकाळचे सात म्हणजे त्यांचा एक, आपले बारा म्हणजे त्यांचे सहा. तिकिटावर हाताने ‘२’ लिहिलं असेल तर ती बस सकाळी आठची असू शकते. तिकीट घेतानाच ‘सकाळी की दुपारी, कुठल्या घड्याळाने’ हे बोटांनी दाखवून पक्कं करा.

आरुषा-मोशीचा रस्ता जिथे फुटतो त्या चालिंझेला बस थांबली आणि खिडक्यांशी फळं, काजू, उकडलेली अंडी घेऊन विक्रेते आले. पुढे किबाहापासून वाहतूक तुंबते. रविवारी संध्याकाळी तर फारच. त्यामुळे दुपारचं जेवण होताच निघालेलं बरं.

लांब पल्ल्याच्या बस आता उबुंगोला जात नाहीत, शहराबाहेर म्बेझीच्या मागुफुली टर्मिनलला थांबतात. तिथून टॅक्सीवाले उपांग्याचे बरेच पैसे मागतात. आम्ही डालाडालाने किमाराला आलो आणि तिथून म्वेंडोकासी घेतली. ही २०१६ पासून स्वतंत्र मार्गिकेवर धावणारी मोठी बस आहे. मोरोगोरो रोडवर गाड्या ताटकळत असताना ती सरळ निघून जाते. गर्दी मात्र प्रचंड, खिसा आणि फोन सांभाळा. उपांग्यासाठी ‘फायर’ थांब्यावर उतरायचं.

मार्च ते मे या मोठ्या पावसात याच मार्गावरच्या जांगवानीला म्सिंबाझी नदीचं पाणी रस्त्यावर येतं आणि म्वेंडोकासी तिथे बंद पडते. त्या महिन्यांत जाणार असाल तर दोन्ही बाजूंचं तिकीट रेल्वेचंच काढा.