बाबांना घेऊन दूधसागरला

गोव्यात आमच्या फोंड्याच्या नळाला ओपाच्या जलशुद्धीकरण प्रकल्पाचं पाणी येतं. ओपाला ते खांडेपार नदीतून उचलतात आणि या नदीला वरून पाणी येतं ते दूधसागरचं. बाबांना 71वं वर्ष लागलंय. जन्म याच पाण्यावर गेला, पण धबधबा त्यांनी एकदाच पाहिला होता, तोही बेळगावला जाताना गाडीच्या खिडकीतून. "एकदा खालून बघायचाय गो," असं चवथीला म्हणाले, ते माझ्या मनात राहिलं.

पहिल्यांदा मी चुकले. जुलैत, ऐन पावसात, चौकशी न करता कुळ्याला गेलो, धबधब्याकडच्या जीप सुटतात त्या गावी. पावसाळ्यात जीप बंद असतात. काही मुलं रुळांवरून चालत जायच्या बेतात होती, पोलिसांनी त्यांना परत पाठवलं. रुळांवरून जायला बंदी आहे, आणि ती असायलाच हवी. तिथे बोगदे आहेत, आणि गाडी आली तर बाजूला व्हायला जागा नाही. बाबा काही बोलले नाहीत, पण परतताना मोल्यापर्यंत गप्प होते.

ऑक्टोबरच्या अखेरीस परत गेलो, मुद्दाम मंगळवारी, सकाळी लवकर. ओळखपत्रं दाखवली, नावं लिहिली, जीपचे आणि वनखात्याचे पैसे भरले, लाइफ जॅकेट घेतली. जीपमध्ये सातजण बसवतात. आम्ही तिघंच, म्हणून आणखी चौघं मिळेपर्यंत थांबावं लागलं. म्हातारं माणूस बरोबर असेल तर पुढची सीट आधीच मागून घ्या. मागे बसून त्या रस्त्यावर कंबर राहत नाही.

जीप सुरुवातीलाच नदीत उतरते. पाणी चाकांवर चढलं तसा बाबांनी दांडा घट्ट धरला. पुढे मोल्याचं अभयारण्य. एकूण 240 चौरस किलोमीटर, त्यातलं 107 राष्ट्रीय उद्यान. माट्टीची झाडं दोन्ही बाजूंना, मगरीच्या पाठीसारखी साल. उन्हाळ्यात हे झाड बुंध्यात पाणी धरून ठेवतं. आपल्या राज्याचा वृक्ष हा, पण बाबांनी त्या दिवशी जीप थांबल्यावर पहिल्यांदा सालीवर हात ठेवला.

जीप सोडते तिथून पुढे दगडांतून चालायचं. खरी कसोटी ही. बाबांचा डावा गुडघा दुखरा. जीपवाला मुलगा आपणहून खाली उतरला, त्यांचा हात धरून म्हणाला, "सवकास, बाबा, फातर निसरतात." हळू, दगड निसरडे आहेत. ओल्या दगडावर पाऊल टाकण्याआधी तो स्वतःच्या चपलेने दगड हलवून बघायचा. तरुण माणसाला वीस मिनिटं लागतात, आम्हाला पाऊण तास लागला.

आणि मग समोर 310 मीटरची ती भिंत. वर मध्यावर रेल्वेचा पूल, खाली कोंड, म्हणजे डोह. बाबा काठावरच्या दगडावर बसले, पाय पाण्यात सोडले. मासे येऊन टाचा टोचू लागले तरी पाय हलवले नाहीत. तुषारांनी चष्मा पुन्हा पुन्हा भिजत होता, ते तो पुसत आणि परत वर बघत.

याच जंगलातून दुहेरी रेल्वेमार्ग नेण्याला दिलेली वन्यजीव मंजुरी मे 2022मध्ये सर्वोच्च न्यायालयाने रद्द केली. त्यासाठी गोव्यातली कितीतरी तरुण मुलं झटली होती. तेव्हा मी बातमी वाचून पान उलटलं होतं. कोंडाच्या काठावर बसल्यावर मला त्याची लाज वाटली.

दीड तासाने जीपवाल्याने हाक मारली. घरी येताना खांडेपारच्या पुलाजवळ बाबांनी गाडी थांबवायला सांगितली. नदी तिथे रुंद, संथ, गढूळ हिरवी. ते कठड्याला टेकून बराच वेळ उभे राहिले. "सकाळचं पाणी इथे पोचलं असेल का गो?" त्यांनी विचारलं.