बीटलच्या टपावरची ट्यूबलाइट

लाल रंगाचे तिन्ही कोट मनासारखे बसले होते. खाली गुलाबी प्रायमर होता, त्यामुळे लाल छान खुलला होता. मग चकाकीसाठी क्लिअर लॅकरचा, म्हणजे पारदर्शक रंगाचा, पहिला ओला कोट मारला आणि दोन मिनिटांत टपावर दुधाळ साय धरली. तामिया कंपनीची, खऱ्या गाडीच्या चोविसाव्या हिश्श्याएवढी (१:२४) प्लास्टिकची मॉडेल फोक्सवॅगन बीटल, महिनाभराची मेहनत, आणि बाहेर जुलैमधला ठाण्याचा पाऊस. मला रडूच यायचं बाकी होतं.

गाडीची बॉडी डब्यात घालून मी तशीच गल्लीतल्या गॅरेजमध्ये गेले. तिथले पेंटर काका खऱ्या गाड्या रंगवतात. बोटाएवढं बॉनेट उजेडात धरून ते म्हणाले, "अगं, हवेत ओल आहे. थिनर झपाट्याने उडतं, पत्रा गार पडतो, त्यावर पाणी धरतं. स्लो थिनर वापर."

इथे पत्रा नव्हता, प्लास्टिक होतं, पण कारण तेच. मॉडेलच्या लॅकरसाठी मिळणारं, रिटार्डर (सुकणं मंदावणारं द्रव्य) असलेलं लेव्हलिंग थिनर मी आणलं. हार्डवेअरच्या दुकानातलं थिनर मुद्दाम टाळलं, कारण ते मॉडेलचं प्लास्टिक, म्हणजे पॉलिस्टायरीन, खाऊ शकतं. पाऊस उघडल्यावर, कंप्रेसरचा मॉइश्चर ट्रॅप (हवेतलं पाणी अडवणारी डबी) रिकामा करून, नुसत्या थिनरचा अगदी हलका फवारा टपावर मारला. पांढरेपणा कडेपासून आत विरत गेला आणि खालचा लाल वर आला. ते बघताना मी श्वास रोखून धरला होता. (एरवी मात्र फवारताना सेंद्रिय वाफा अडवणाऱ्या कार्ट्रिजचा मास्क हवाच. कापडी मास्कने लॅकरची वाफ थांबत नाही.)

टप सुटला, पण बॉनेट संत्र्याच्या सालीसारखं खरबरीत झालं होतं. ही चूक भीतीपोटी झाली. ओघळ येईल म्हणून मी एअरब्रश (रंग फवारायचं पेनासारखं यंत्र) लांब धरत होते, त्यामुळे थेंब बॉडीवर पोचेपर्यंत अर्धे सुकत आणि एकमेकांत मिसळतच नसत. मग प्लास्टिकच्या चमच्यांवर सराव केला. चमच्याची पाठ बीटलच्या टपासारखीच गोल असते. ०.३ मिमीची सुई, १८ पीएसआय दाब, एक भाग क्लिअरला दीड भाग थिनर आणि अंतर आठ-दहा सेंटिमीटर. नजर रंगावर ठेवायची नाही, वरच्या ट्यूबलाइटच्या प्रतिबिंबावर ठेवायची. प्रतिबिंबाची फुटकी कड जुळली की लगेच हात पुढे सरकवायचा. तिथे एक क्षण जास्त थांबलं की ओघळ आलाच. बारा चमचे खराब झाले, तेराव्यावर हात बसला.

त्यानंतर पंधरा दिवस बॉडी झाकून ठेवली. रोज नाकाजवळ धरून वास घ्यायचे. थिनरचा वास येतोय तोवर रंग आतून ओला आहे, मग वरून कितीही कडक लागो.

घासायला २००० नंबरचा वॉटर पेपर (पाणी लावून वापरायचा बारीक पॉलिश पेपर), मग त्याहून बारीक ३०००, आणि पाण्यात साबणाचा एक थेंब. क्लिअर घासताना पाणी पांढरट होतं. पुढच्या मडगार्डच्या कडेला ते एकदम गुलाबीसर झालं, तेव्हा पोटात गोळाच आला. क्लिअर संपून मी रंगापर्यंत पोचले होते. कडांवर कोट पातळच बसतो, हे कुणी आधी सांगितलं असतं तर! तेवढ्या भागावर पुन्हा लाल, पुन्हा क्लिअर, पुन्हा पंधरा दिवस. दुसऱ्या खेपेला सगळ्या कडांवर बारीक मास्किंग टेप लावूनच घासलं आणि कडा शेवटी, पेपर न लावता, फक्त कंपाउंडने, म्हणजे पॉलिशच्या पेस्टने, उजळल्या.

कंपाउंडचे तीन हात दिले: जाड, बारीक, फिनिश. प्रत्येकासाठी वेगळं सुती फडकं, कारण जाड कंपाउंडचा एक कण शेवटच्या फडक्यात राहिला तरी नव्याने ओरखडे उमटतात.

गणपती जवळ आले होते. रात्री टेबलाचा दिवा बंद करून मी फक्त ट्यूबलाइट ठेवली. टपाच्या गोलाईबरोबर ती वाकली होती, पण तिच्या दोन्ही कडा सुरीच्या पात्यासारख्या स्वच्छ होत्या. सकाळी डबा घेऊन पुन्हा गॅरेजमध्ये गेले. काकांनी हात आधी कपड्याला पुसले, मगच गाडी उचलली.